सिमेंट ग्राउट की इपॉक्सी? आधी टाइल्समधली फट मोजा

आमच्या बाथरूमच्या टाइल्स १९९६ सालच्या. ८ बाय १२ इंची, सायीसारखा रंग आणि कमरेच्या उंचीवर निळ्या फुलांचा एक पट्टा, त्या काळात अर्ध्या सोसायटीत हाच पट्टा होता. गेली चार-पाच वर्षं घरात एकच रेकॉर्ड, "बाथरूम फोडून नवीन करू", आणि कोटेशन आलं की तेच रेकॉर्ड गपचूप बंद. कारण फोडणं म्हणजे नुसत्या टाइल्स नसतात हो, खालचं वॉटरप्रूफिंग, नळाच्या पाइपलाइनी, डेब्रिज उचलायचा टेम्पो, लिफ्ट वापरली म्हणून सोसायटीची नाराजी, असं करत करत आकडा लाखाच्या पुढे जातो.

मग एका रविवारी वैतागून एक टाइल नीट साबणाने घासली, अगदी भांडं घासतात तशी, आणि बघते तर टाइल चकाचक! जुनाट दिसत होत्या त्या टाइल्स नव्हत्याच, त्यांच्या मधल्या काळ्या-पिवळ्या रेघा होत्या. म्हणजे फक्त रेघा नव्या केल्या तरी बाथरूमचं वय दहा-पंधरा वर्षांनी कमी होणार. स्वस्तात मस्त. इथपर्यंत सगळं सोपं होतं.

गोंधळ झाला दुकानात. या रेघांमध्ये भरायच्या मसाल्याला ग्राउट म्हणतात, "ग्राउट द्या" म्हटलं तर दुकानदाराने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक किलोची पिशवी ७० रुपयांना आणि एक किलोचाच डबा साडेपाचशेला. विचारलं फरक काय, तर म्हणे "ताई हे साधं आणि हे इपॉक्सी, इपॉक्सी चांगलं". बास, एवढंच. मिस्त्रीला विचारावं तर तो इपॉक्सीला सरळ कंपनीच्याच नावाने हाक मारतो, आणि शेजारच्या काकू पांढऱ्या सिमेंटलाही ग्राउटच म्हणतात. त्यामुळे आधी हे कोण कोण आहे ते बघू.

साधं ग्राउट म्हणजे सिमेंटच. सिमेंट, बारीक भुकटी, रंग आणि चिवटपणासाठी जरासं पॉलिमर, त्यात पाणी घालायचं, कालवायचं आणि भरायचं. पांढरं सिमेंट हा त्याचा गरीब चुलतभाऊ, त्यात पॉलिमर नसतं म्हणून ते लवकर तडकतं आणि पावडर होऊन सुटतं. ९० च्या दशकातल्या बहुतेक बाथरूममध्ये हेच भरलेलं सापडेल. इपॉक्सीत सिमेंट नाहीच. त्यात दोन घट्टसर द्रव येतात, एक रेझिन आणि एक हार्डनर, आणि सोबत भुकटीचं पाकीट. पहिले दोन एकत्र कालवायचे, मग भुकटी. पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. म्हणजे नाव एक असलं तरी एक बांधकामातला माल आहे आणि दुसरं जवळजवळ प्लास्टिक.

हा फरक पक्का डोक्यात ठेवा, कारण बाजारात एक तिसरंच प्रकरण फिरतं. सिमेंट ग्राउटमध्ये पाण्याऐवजी पांढरं दुधासारखं लिक्विड घालतात आणि "हे पण इपॉक्सीच आहे" म्हणून सांगतात. नाही. ते लेटेक्स किंवा अ‍ॅक्रिलिक असतं, त्याने सिमेंट सुधारतं, पण जात सिमेंटचीच राहते. पाकिटावर बारीक अक्षरात स्टँडर्ड छापलेलं असतं ते वाचा, सीजी १ किंवा सीजी २ असेल तर सिमेंट, आरजी असेल तर रेझिनवालं. काही कंपन्या अमेरिकन नंबर छापतात, त्यात ए११८.३ म्हणजे इपॉक्सी आणि ए११८.६ किंवा ए११८.७ म्हणजे सिमेंट.

घरात आधीच काय भरलंय ते ओळखायचं असेल तर कोरड्या सांध्यावर पाण्याचा थेंब टाका. सांधा थेंब पिऊन गडद झाला तर सिमेंट, थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर इपॉक्सी (किंवा कोणीतरी वरून सीलर, म्हणजे पाणी आत शिरू न देणारा थर, मारलाय). किल्लीने खरवडून बघा, भुगा पडला तर प्रश्नच मिटला.

आता हे थेंब पिणं हाच सगळ्या भांडणाचा मुद्दा आहे. सिमेंट वाळताना त्यात केसाहून बारीक छिद्रं राहतात, त्यातून साबणाचं पाणी, अंगाचा मळ, तेल आत जातं आणि मग तिथे बुरशी संसार थाटते. वर सीजी आणि आरजी म्हटलं ना, त्या आयएसओ १३००७ स्टँडर्डमध्ये ग्राउटचा छोटा ठोकळा पाण्यात ठेवून किती पाणी प्यायला ते मोजतात. साध्या सिमेंट ग्राउटला ४ तासांत १० ग्रॅमपर्यंत चालतं, रेझिनवाल्याला फक्त ०.१ ग्रॅम. शंभरपट फरक! त्यामुळे दुकानदार इपॉक्सी चांगलं म्हणतो ते खोटं नाहीये.

दुसरा मोठा फरक अ‍ॅसिडचा, आणि बोअरवेलचं पाणी पिणाऱ्या... म्हणजे वापरणाऱ्या सगळ्यांसाठी हा महत्त्वाचा. पाणी जड असेल तर टाइल्सवर पांढरा क्षार बसतो, तो काढायला आपण अ‍ॅसिडवालं क्लीनर ओततो, फेस येतो आणि आपल्याला वाटतं वा, काय साफ होतंय. त्या फेसातला अर्धा फेस तुमच्या ग्राउटचा असतो! अ‍ॅसिड क्षार खातं तसंच सिमेंटही खातं, आमच्या कमोडच्या मागचे सांधे असेच वर्षानुवर्षं विरघळत पार रिकामे झाले होते. घरी वापरायच्या क्लीनरचं इपॉक्सीला फारसं काही होत नाही. (अ‍ॅसिड आणि ब्लीचिंगवालं क्लीनर एकत्र कधीच ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.)

मग मीही ठरवलं की इपॉक्सीच, आणि इथे माझी फजिती झाली.

जुन्या टाइल्स बघा, त्या स्पेसर (मधे सारखी फट ठेवणारे छोटे तुकडे) लावून बसवलेल्या नसतात. तेव्हा मिस्त्री टाइलला टाइल चिकटवून बसवायचे, फट जितकी कमी तितका मिस्त्री भारी अशी समजूत होती, आणि मधल्या केसाएवढ्या रेघेत पांढऱ्या सिमेंटचं पाणी पुसून घ्यायचे. याला पेपर जॉइंट म्हणतात. इपॉक्सी असतं घट्ट, मधासारखं नाही, मळलेल्या कणकेसारखं, त्याला आत शिरायला निदान दीड-दोन मिलिमीटर रुंदी लागते आणि धरून राहायला खोलीही लागते. आमच्या पहिल्या मिस्त्रीने फटी उघडल्याच नाहीत. तारेच्या ब्रशने वरवर घासलं, वरून इपॉक्सी ओढलं, संध्याकाळी बाथरूम असं सुंदर दिसत होतं की मी फोटो काढून बहिणीला पाठवले. चौथ्या महिन्यात नहाणी ट्रॅपजवळ एक कड उचललेली दिसली, नखाने ओढली तर शेवयीसारखी अख्खी पट्टी हातात. खाली तेच जुनं काळं सिमेंट, ओलंच्या ओलं. साडेपाचशे रुपये किलोची शेवई!

म्हणून माझं म्हणणं असं की सिमेंट की इपॉक्सी हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न तुमची फट किती आहे. १० रुपयांचं जुनं नाणं घेऊन सांध्यात घालून बघा. नाण्याची कड आत गेली तर इपॉक्सीचा विचार करा, नाही गेली तर एकतर कटरने फट उघडून घ्यावी लागेल नाहीतर सिमेंटचं बारीक ग्राउट, ज्यात वाळू नसते ते, तेच बरं. ते पातळ कालवता येतं आणि अरुंद जागेत शिरतं. मात्र ते फार पातळही करू नका, पाणी जास्त झालं की वाळल्यावर रंग ढगांसारखा डागाळतो आणि नंतर तडेही जातात.

कटरने उघडायचं म्हणजे चार इंची ग्राइंडरला बारीक ब्लेड लावून सांध्यातून फिरवायचं, आणि इथे हात सराईत लागतो, कारण ब्लेड जरा सरकलं की टाइलच्या कडेचा ग्लेझ, म्हणजे वरचा चकाकणारा थर, उडतो. आमच्या निळ्या फुलांच्या पट्टीच्या दोन टाइल्स अशाच टवका उडवून बसल्यात, आणि १९९६ ची ती टाइल आता कुठे मिळणार. भिंतीत नळाची लाइन कुठून गेलीय ते आधी विचारून घ्या. आणि मास्क, साधा कापडी नाही, चांगला घट्ट बसणारा, ती धूळ फुफ्फुसाला फार वाईट असते.

सामान किती लागेल याचा हिशोब मिस्त्रीवर सोडू नका, तो सोपा आहे. टाइलची लांबी अधिक रुंदी, त्या बेरजेला लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागायचं, आलेल्या उत्तराला टाइलची जाडी, फटीची रुंदी आणि १.६ ने गुणायचं, सगळं मिलिमीटरमध्ये, उत्तर येतं एका चौरस मीटरला किती किलो. आमच्या २०० बाय ३०० च्या टाइलला ७ मिमी जाडी आणि २ मिमी फट धरली तर १९० ग्रॅमच्या आत येतं. ५ बाय ७ फुटांचं बाथरूम, भिंती ७ फुटांपर्यंत, दार सोडून सगळं मिळून साधारण १७ चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन किलो, आणि फट पूर्ण खोल उघडत नाही म्हणून त्याहूनही कमी. मला सांगितले होते आठ किलो! त्या दुकानातल्या दराने बघितलं तर सगळीकडे सिमेंट भरायला अडीचशेच्या आत, सगळीकडे इपॉक्सी तर पावणेदोन हजारांच्या आसपास. मजुरी दोन्हीला मालापेक्षा जास्तच जाते, त्यातही इपॉक्सीची जास्त, कारण ते काम खरंच किचकट आहे.

किती किचकट ते दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा शेजारी स्टूल टाकून बसून बघितलं. एप्रिल महिना, दुपार. हा दुसरा मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारा. त्याच्या हाताखालच्या पोराने अख्खा डबा एकदम कालवला आणि डब्यातच ठेवून चहाला गेला, वीस मिनिटांनी आला तर डबा हाताला गरम लागत होता आणि आत कालवायचा पत्रा उभाच्या उभा अडकलेला. रेझिन आणि हार्डनरची रिअ‍ॅक्शन सुरू झाली की उष्णता निघते, माल एका ढिगात असला की ती उष्णता आतच कोंडते आणि आणखी लवकर घट्ट होतं. मिस्त्री चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "थोडं कालव, आणि डब्यात नको ठेवू, टाइलवर पसरून ठेव". पुढचा माल मूठ-मूठभर. त्यातही रबरी फ्लोटने (सपाट थापीने) तिरकं ओढायचं, सांध्याला समांतर नाही, नाहीतर भरलेलं परत बाहेर येतं, आणि भरून झालं की लगेच ओल्या स्क्रबरने गोल गोल घासून टाइलवरची चिकट साय काढायची, पाणी दोन-दोन मिनिटांनी बदलायचं. ही साय रात्रभर राहिली तर सकाळी टाइलवर धुकं पसरल्यासारखं दिसतं आणि ते काढायला वेगळं केमिकल आणावं लागतं. हातमोजे पाहिजेतच, रेझिनने कातडीला खाज आणि पुरळ उठतं. सिमेंटच्या ग्राउटमध्ये असली घाई नाही, चुकलं तर ओल्या स्पंजने पुसलं. घरी स्वतः करून बघायचं असेल तर मी सिमेंटच सांगेन.

आणि एक, घरात एकच बाथरूम असेल तर हे आधी ठरवा की अंघोळ कुठे. जुनं खरवडल्यावर सांधे दोन-तीन दिवस तरी पंख्याखाली वाळू द्यायचे, ओल्यावर इपॉक्सी नीट धरत नाही आणि ओल आतच कोंडते. भरल्यानंतर एक दिवसाने पाय ठेवता येतो पण पाणी शक्यतो तीन दिवस नको. आम्ही पाच दिवस नणंदेकडे बादल्या घेऊन जात होतो. नणंद काही बोलली नाही पण तिच्या गिझरचं बिल...

खालच्या मजल्यावाल्यांचं छत ओलं होतंय म्हणून जर हे सगळं करत असाल तर जरा थांबा. "इपॉक्सी मारा, लीकेज बंद" असं सर्रास सांगतात. पाणी फक्त सांध्यातून झिरपत असेल तर फरक पडतो, पण खालचं वॉटरप्रूफिंगच गेलं असेल, ट्रॅपची कड सुटली असेल किंवा भिंतीतली लाइन गळत असेल तर दोन्हीपैकी कुठलंच ग्राउट काही करू शकत नाही. ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी २४ तास भरून ठेवा आणि खाली जाऊन बघा. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात तर दोन्ही नकोत, तिथे इमारतीची बारीक हालचाल होते आणि कडक वस्तू तडकते, तिथे बुरशीरोधक सिलिकॉनची रेघ.

शेवटी आम्ही काय केलं तर मिसळ. जमीन, कमोडच्या मागचा भाग आणि शॉवरखालची भिंत कमरेपर्यंत, एवढ्याच फटी कटरने उघडून इपॉक्सी, वरच्या कोरड्या भिंतींना सिमेंट आणि त्यावर सीलरचा एक हात. दोन्हीकडे फिकट राखाडी, पांढरा नाही, कारण पांढरं सिमेंटवालं मळतं आणि पांढरं इपॉक्सी खिडकीजवळ उन्हाने पिवळं पडतं. दोन्ही राखाडी एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, तरी इपॉक्सीचा जरा गडद आणि चमकदार दिसतो. जिथे ते भेटतात ती रेघ बरोबर निळ्या फुलांच्या पट्टीखाली आणलीय, त्यामुळे आलेले पाहुणे म्हणतात डिझाइन छान केलंय.