नायट्रेट, जिभेवरचे जीवाणू आणि रक्तदाब : पार्श्वभूमी

भाज्यांत आणि पाण्यात आढळणाऱ्या नायट्रेट या क्षाराचे नाव आधी गाजले ते धोक्यासाठी. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉम्ली यांनी दाखवले, की नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन तान्ही मुले निळी पडतात. पुढे १९५६ मध्ये नायट्राइटपासून बनू शकणाऱ्या नायट्रोसामाइनने उंदरांच्या यकृतात गाठी होतात असे दिसले. साहजिकच १९७०च्या दशकात लाळेत नायट्राइट आढळल्यावर ते बनवणारे तोंडातले जीवाणू संशयितच ठरले.

१९८७ मध्ये रक्तवाहिन्या सैल करणारा रेणू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे कळले. तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनतो आणि नायट्रेट-नायट्राइट ही त्याची उरलेली राख, असा समज होता. १९९४ मध्ये स्वीडन आणि ब्रिटनमधल्या दोन गटांनी या राखेतून जठरात पुन्हा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो हे दाखवले.

वाट अशी : भाजीतले नायट्रेट रक्तात जाते, त्याचा सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी ओढून घेतात. जिभेच्या मागच्या भागातले व्हेलोनेला, रोथिया, निस्सेरिया असे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. माणसाच्या पेशींना हे काम जवळजवळ जमतच नाही. गिळलेले नायट्राइट जठरात आणि रक्तात पुढे नायट्रिक ऑक्साइड होते.

लाळेचा वाटा लंडनमधल्या २००८ च्या प्रयोगात उघड झाला. ५०० मिली बीटचा रस प्यायल्यावर अडीच-तीन तासांत वरचा रक्तदाब (सिस्टोलिक) पाऱ्याच्या मापात सुमारे १० मिमी उतरला. पण रसानंतर तीन तास लाळ न गिळता थुंकायला लावली, तेव्हा रक्तातले नायट्राइट वाढले नाही आणि दाबही उतरला नाही. रस तोच, पोटात गेलेला तोच. तुटली ती फक्त लाळेची कडी. याहून स्वच्छ पुरावा या विषयात क्वचितच आहे. २०१३ मध्ये १९ निरोगी व्यक्तींनी आठवडाभर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरल्या, तर दाब २ ते ३.५ मिमी चढला. (दंतवैद्याने दिलेला माउथवॉश मात्र यावरून परस्पर सोडू नये.)

भाजीतून नायट्रेट मिळवायचे तर घरी फसते ते बहुधा शिजवताना : नायट्रेट पाण्यात विरघळते, उकळून पाणी फेकले की बराच भाग जातो. मुतखड्याचा त्रास असेल, तर बीट-पालकातले ऑक्झलेट (ज्याचे खडे बनू शकतात) आधी विचारात घ्यावे.

२०१५ च्या चाचणीत रोज २५० मिली रसातून ६.४ मिलिमोल, म्हणजे सुमारे ४०० मिग्रॅ नायट्रेट दिले गेले. चार आठवड्यांत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब ७.७ मिमीने घटला. जुन्या धास्तीतून ठरलेली रोजची मर्यादा आहे वजनाच्या दर किलोला ३.७ मिग्रॅ, ६० किलोच्या माणसाला २२२ मिग्रॅ; म्हणजे चाचणीतली मात्रा या मर्यादेच्या बरीच वर जाते.