गेरू, कागद, इमल्शन: ठाण्याच्या भिंतींवरच्या वारली चित्रांची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईत उड्डाणपुलांचे खांब, सोसायट्यांच्या कंपाउंड भिंती, शाळांचे जिने अशा सगळीकडे गेरूच्या रंगावरची पांढरी माणसं दिसतात. त्रिकोणी धड, काडीसारखे हातपाय, मधोमध फेर. याला सगळे वारली म्हणतात आणि पुढे जातात. चित्र कुणी काढलं, कुठल्या पाड्यावरून आलं, याचा बहुतेक भिंतींवर एक शब्दही नसतो. भिंत रंगवायला घेणारी मंडळी पुष्कळदा इंटरनेटवरून नमुना उतरवून घेतात, तो बिनसतो आणि दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. ही चूक रंगाची वाटते, पण तिचं मूळ मागे आहे.

अंतराचा मुद्दा आधी. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. ठाणे शहराच्या हद्दीत, येऊरच्या डोंगरावर, आजही वारली आदिवासींचे पाडे आहेत. म्हणजे ही कला ठाण्याला बाहेरून आणलेली नाही. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाकडून ती दुसऱ्या टोकाला आली, आणि त्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर माध्यम बदललं तसा काढणारा हातही बदलला.

मूळ चित्र लग्नाचं. कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाला शेणमातीने लिंपायचं, वर गेरू सारवायचा आणि घराच्या आतल्या, जवळजवळ अंधाऱ्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकटीतलं चित्र, लिहायचा. चौक ‘लिहितात’, असाच शब्द आहे. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चौकटीच्या मधोमध पालघाट ही लग्नाची देवी, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. लग्न लावते ती धवलेरी, तीही बाईच. तिची गाणी आणि सवाशिणींचा चौक एकाच विधीचे दोन भाग आहेत. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही.

हे चित्र टिकवायचं नव्हतंच. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाई आणि चौक नव्याने लिहिला जाई. म्हणून ‘हजारो वर्षांची कला’ हे वाक्य आम्ही जपून वापरतो. मध्य भारतातल्या शैलचित्रांशी साम्य डोळ्यांना दिसतं, पण साम्य म्हणजे सलग परंपरेचा पुरावा नव्हे. शेणमातीची भिंत शतकं उभी राहत नाही. टिकून राहिली ती गाणी, आणि बघून बघून शिकलेला हात.

साहित्य साधं वाटतं, तरी नेमकं आहे. तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर गंधासारखे बारीक वाटायचे, फडक्यातून गाळायचे आणि पातळ ताकाइतके सैल करायचे. थोडा डिंक घातला तर रेघ धरून राहते. बांबूच्या काडीचं टोक चघळून किंवा ठेचून त्याचे तंतू मोकळे केले की कुंचला झाला. नवशिक्याचं हमखास चुकतं ते इथे: तांदळाची ओली रेघ जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावरच ती पांढरी उमटते. दिसत नाही म्हणून घाईने दुसरा हात मारला की थर जाड होतो आणि वाळताना तडकतो. गेरू ओला असेल तर रेघ पसरते. फारच कोरडा असेल तर तो पाणी शोषून घेतो आणि काडी अडखळते. लग्नसराईच्या उकाड्यात वाटलेलं पीठ दुसऱ्या दिवशी आंबतं, त्यामुळे लागेल तेवढंच वाटायचं. एका चौकाला पाव किलो तांदूळ सहज पुरतात.

मोठा बदल १९७० च्या दशकात झाला. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना भिंतीवरून कागदावर आणण्याचं काम केलं होतं. त्यानंतर ते डहाणूजवळच्या गंजाडला पोचले, कागद आणि रंग घेऊन. तिथे कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) त्यांना भेटले. ते पुरुष असूनही चित्र काढत, आणि लग्नाच्या वेळीच काढत असंही नाही. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं, २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत ते मांडलं गेलं आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच दशकात खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवं शहर उभं राहत होतं. ते वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. कागद गंजाडला पोचला आणि वाशीच्या इमारती वर आल्या, हे एकाच काळातलं आहे. पुढे सिडकोनेच बेलापूरला अर्बन हाट हा हस्तकलांचा बाजार उभारला आणि कारागिरांना थेट गिऱ्हाइकासमोर बसायला जागा मिळाली.

कागदाने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे चित्र हलवता येऊ लागलं, म्हणजेच विकता येऊ लागलं. दुसरी म्हणजे त्याला सही मिळाली. चौकाला सही नसते, तो चार-पाच जणींचा असतो. कागदावरच्या चित्राला मात्र एका माणसाचं नाव लागतं. कागद विधीच्या बाहेरचा असल्याने त्यावर कुणीही काढू शकत होतं, आणि विकायला मुंबईला जाणं-राहणं पुरुषांना सोपं होतं. त्यामुळे बायकांच्या हातची कला दहा-पंधरा वर्षांत बाजारापुरती तरी बहुतांशी पुरुषांची झाली. प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत याची नोंद एखाद्या ओळीत उरकली जाते. आमच्या मते या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि शहरातला कुठलाही उपक्रम आखताना चित्रकार बायकांना आवर्जून बोलवावं ते याच कारणाने.

विषयही मोकळे झाले. पालघाटाच्या जागी पेरणी, मासेमारी, ताडी काढणं, तारपा या वाद्याच्या सुरावरचा नाच आला, मग आगगाडी आणि एसटीही. कागदामागोमाग मांजरपाटाचं कापड आलं. ते ताणून त्यावर शेणाचा गाळलेला पातळ लेप किंवा गेरू चढवतात आणि धरून राहावा म्हणून त्यात लाकूडकामाचा पांढरा गोंद मिसळतात. गोंदाचं प्रमाण साधलं नाही की फजिती ठरलेली. जास्त झाला तर कापड गुंडाळताना थर तडकतो, कमी पडला तर हाताला भुकटी लागते. तांदळाचं पीठ कापडावर टिकत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि कसर लागते. म्हणून पांढऱ्यासाठी आधी पोस्टर कलर आला आणि मग ॲक्रिलिक. पोस्टर कलर पाण्याचा थेंब पडला तरी फुटतो, ॲक्रिलिक वाळल्यावर धुतलं तरी हलत नाही. ॲक्रिलिक ओलं असतानाही पांढरंच दिसतं, त्यामुळे आज शिकणाऱ्या मुलांना न दिसणाऱ्या रेघेवर विश्वास ठेवून पुढे जाण्याची सवय लागत नाही. येऊरसारख्या ठिकाणी कार्यशाळा घ्यायची तर पहिला तास तांदळाच्या पिठानेच काढून घ्यावा.

यानंतर कायदा आला. भौगोलिक मानांकनाचा (जीआय, म्हणजे मालाचं नाव त्याच्या मूळ प्रदेशाशी जोडणारी नोंद) कायदा १९९९ चा, तो २००३ साली लागू झाला आणि वारली चित्रकलेची नोंद २०१४ साली झाली. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. नोंदीमुळे कुणाला वारलीसारखं चित्र काढायला बंदी येत नाही. ‘वारली’ या नावाने माल विकण्याचा हक्क मात्र नोंदलेल्या अधिकृत वापरकर्त्यांचा राहतो. नोंद १० वर्षांची असते आणि नूतनीकरण करावं लागतं. लेखाधिकार (कॉपीराइट) वेगळा. त्रिकोणी माणूस किंवा तारप्याचा फेर यांवर कुणाचा लेखाधिकार नाही, पण एखाद्या चित्रकाराने केलेल्या विशिष्ट रचनेवर आहे, त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आपलं नाव लावून घेण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क, काम विकल्यानंतरही चित्रकाराकडे उरतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातून अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प काढून टाकलं गेलं, त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ते त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सोसायटीच्या भिंतीवर चित्र काढून घेताना हे लक्षात ठेवावं.

आता आजच्या भिंती. शहराची भिंत घरातल्या कुडाच्या अगदी उलट वागते: उघड्यावर, सिमेंटची, खाडीच्या खाऱ्या हवेत, रस्त्याच्या धुरात. खरा गेरू आणि तांदूळ इथे पहिल्या सरीत वाहून जातात. इमल्शनमध्ये खऱ्या गेरूची पूड मिसळण्याचा मोहही टाळावा, ती पुढे हाताला लागते आणि पांढऱ्या रेघेचा पाया सुटतो. गेरूच्या छटेचं, बाहेरच्या भिंतींसाठीचं ॲक्रिलिक इमल्शन घ्यावं.

काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये धरावं. नवं प्लास्टर निदान २८ दिवस मुरलेलं हवं, नाहीतर सिमेंटचा क्षार वर येऊन रंग जाळतो. जुन्या भिंतीवर आधी तारेचा ब्रश, मग शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुणं आणि तीन-चार दिवस कडक वाळवणं. लोणा (भिंतीतून वर येणारा खार) फुटलेला असेल तर वरून कितीही रंग दिला तरी तो फुगणारच, त्यामुळे ओल कुठून येते ते आधी शोधावं; गळका पाइप किंवा भिंतीमागे साठलेली माती हेच बहुधा निघतं. लांबी (पुट्टी) फक्त बाहेरच्या वापराची, पांढऱ्या सिमेंटची. प्रायमरचा एक हात, इमल्शनचे दोन, प्रत्येकामध्ये चार ते सहा तास. दोन हातांना एक लिटर साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं, म्हणजे ३० फूट लांब आणि ८ फूट उंच भिंतीला पार्श्वभूमीसाठी चार ते पाच लिटर. पांढऱ्या आकृत्यांना एक लिटर पुरून उरतं. जमिनीलगतचं फूटभर मोकळं ठेवावं किंवा गडद पट्टा द्यावा, कारण चिखलाचे शिंतोडे आणि वर चढणारी ओल तिथेच पहिला घाव घालतात.

आकार हा दुसरा फसवा भाग. कागदावर दोन बोटं उंचीचा माणूस शोभतो. चालत्या गाडीतून दिसायला तो निदान ९ ते १२ इंच हवा आणि रेघ करंगळीएवढी. नुसतं मोठं केलं की मोकळ्या जागा रिकाम्या वाटतात, मग माणसं वाढवली जातात आणि गर्दी होते. पाड्यावरचे चित्रकार अशा वेळी माणसं न वाढवता झाडं, वेली आणि डोंगर वाढवतात. त्यांच्याकडूनच भिंतीचं कच्चं रेखाटन करून घ्यावं.

संगणकावरच्या तयार नमुन्यांची अडचण नेमकी तारप्यात दिसते. तारपा म्हणजे सुका भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानाचा भोंगा. वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत आणि त्यांची साखळी वर्तुळाची नसून उलगडत जाणाऱ्या वेटोळ्याची असते. तयार फाइलमध्ये एकच आकृती गोलात २४ वेळा चिकटवलेली असते, त्यामुळे निम्मी माणसं तारप्याकडे पाठ करून नाचतात आणि साखळीला शेवटच उरत नाही. पाड्यावरचं पोरही ही चूक एका नजरेत सांगेल. छापील व्हिनाइल चिकटवलं तर दमट हवेत कडा सुटतात, हा आणखी एक तोटा. संगणक वाईट नाही. चित्रकाराचं स्वतःचं रेखाटन स्कॅन करून, प्रोजेक्टरने भिंतीवर टाकून खडूने उतरवलं तर वेळ निम्मा वाचतो आणि हात त्याचाच राहतो.

विषय निवडताना एक आग्रह. पालघाटाचा देवचौक रस्त्याच्या भिंतीवर काढू नये. जिथे लोक थुंकतात, गाड्या टेकवतात, तिथे लग्नाची देवी कशासाठी? पेरणी, मासेमारी, बाजार, तारपा यांत भरपूर आहे.

नाव भिंतीवरच यायला हवं: चित्रकारांची पूर्ण नावं, पाडा, तालुका, साल. अक्षरं दोन इंची, उजव्या कोपऱ्यात, खालच्या गडद पट्ट्याच्या वर. सोबत क्यूआर कोड देत असाल तर तो गेरूवर पांढऱ्याने काढू नका. उलट्या रंगांचा कोड बरेच फोन वाचत नाहीत. पांढऱ्या चौकोनात काळा कोड, भोवती चार घरांएवढी कोरी जागा, आणि एक मीटरवरून वाचायचा तर बाजू १० सेंटिमीटर. कागदी स्टिकर उन्हात वर्षभरात उडतो, कोरलेली स्टीलची किंवा भाजलेल्या टाइलची पाटी टिकते. लिंक भाड्याच्या सेवेची घेतली तर वर्गणी संपताच कोड मुका होतो, म्हणून पत्ता स्वतःच्या ताब्यातला असावा. त्या पत्त्यावर चित्रकाराचा आवाज, आणि तिची संमती असेल तर धवलेरीचं एखादं गाणं ठेवावं.

भिंत पाच-सहा वर्षांत पुन्हा रंगवावी लागणार, हे पहिल्याच करारात धरावं. दुरुस्तीची रक्कम बाजूला, बोलवायचं त्याच चित्रकाराला, आणि इमल्शनचा शेड क्रमांक वहीत लिहून ठेवायचा, कारण गेरूची छटा प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि नंतर लावलेलं ठिगळ लांबूनही कळतं.