पार्श्वभूमी : नमुना पाहणी आणि अन्वेषकाच्या कामाची पारख

सगळ्यांऐवजी निवडक घरे किंवा शेते, म्हणजे नमुना, तपासून अंदाज काढणे ही नमुना पाहणी. नमुना लहान पडल्यामुळे तीत येणारी चूक गणिताने मोजता येते आणि नमुना वाढवून कमीही करता येते. अन्वेषकाच्या, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन माहिती गोळा करणाऱ्याच्या, हातून होणारी चूक मात्र नमुना कितीही वाढवला तरी आकड्यात मुरून राहते, आणि ही गोष्ट ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. १९२९ मध्ये स्टुअर्ट राइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील निराधारांच्या जुन्या मुलाखती तपासल्या. दारूबंदीच्या कैवारी मुलाखतकाराने विपन्नतेचे कारण म्हणून अधिक करून दारू नोंदवली होती, तर समाजवादी मुलाखतकाराने औद्योगिक परिस्थिती. दोघांपैकी कोणीही लबाडी केली नव्हती, हेच त्यातले अडचणीचे.

भारतात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या पाहण्यांत या प्रश्नाला हात घातला. एकाच भागातून दोन स्वतंत्र उपनमुने काढायचे, ते दोन वेगळ्या तुकड्यांकडे सोपवायचे आणि दोघींचे आकडे शेजारी ठेवून पाहायचे, अशी ही पद्धत होती. फरक नेहमीपेक्षा मोठा निघाला की कामात कुठेतरी पाणी मुरते आहे, हे कोणावरही पाळत न ठेवता कळे. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत हीच पद्धत पुढे आली.

पण दोन्ही तुकड्यांनी सारखीच चूक केली, तर ही पद्धत मुकी राहते. त्यावर बोट ठेवणारे काम सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात केले. पीक कापणी प्रयोगात छोटा तुकडा आखून त्यातले पीक कापतात आणि त्यावरून शेताचे उत्पन्न काढतात. आखणीच्या रेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, याचा निर्णय अन्वेषकाला जागेवरच घ्यावा लागतो, आणि हात सहसा आत धरण्याकडे वळतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कडेचा भाग जास्त. त्यामुळे अगदी लहान तुकड्यांवरून काढलेला उतारा फुगलेला येतो, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले. केवळ समज देऊन किंवा दंड करून ही चूक जाण्यासारखी नव्हती. तुकडाच मोठा घेणे हा तिच्यावरचा खरा उपाय होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे प्रकरण आहे.

घरोघरच्या मुलाखतींत अशीच एक चूक पुढे जगभर आढळली. ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलाबद्दल लसीकरण, आजार, स्तनपान असे पानभर प्रश्न विचारायचे असतात. मूल त्या तारखेच्या थोडे आधी जन्मल्याचे नोंदवले की ते सगळे टळतात. एका प्रश्नावलीत हे दिसत नाही, पण एखाद्या तुकडीच्या कागदांत मर्यादेच्या अलीकडची मुले कमी आणि पलीकडची जास्त भरू लागली की लक्षात येते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाखाली १९९२-९३ पासून होत आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत म्हणूनच काम चालू असतानाच तुकडीनिहाय तपासणी तक्ते काढण्याची प्रथा रुजली.

२०१५-१६ च्या चौथ्या फेरीत कागदाची जागा छोट्या संगणकाने घेतली. विसंगत उत्तर यंत्र जागीच अडवते आणि मुलाखत किती मिनिटांत उरकली तेही सांगते. प्रश्न छापल्याप्रमाणे वाचला की उत्तर सुचवत विचारला, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी पर्यवेक्षकाने काही मुलाखतींना हजर राहणे आणि काही घरी पुन्हा जाऊन मोजके प्रश्न विचारणे आजही चालू आहे.