क्रॉस-कंट्री उड्डाणाची आखणी

छोट्या विमानाने आपला विमानतळ सोडून दूरच्या विमानतळापर्यंत जाण्याला वैमानिक ‘क्रॉस-कंट्री’ म्हणतात. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी असे किमान ३०० सागरी मैलांचे (सुमारे ५५६ किमी) एक उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, करावे लागते.

सगळी आखणी इंधनापाशी येऊन थांबते, आणि इंधन तासांत मोजायचे असते. सेस्ना १७२ हे चार आसनी विमान साधारण १२० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाने जाते. वारा नसेल तर ३०० मैल जाऊन परत यायला पाच तास लागतात. २० नॉटचा वारा समोरून असेल तर जाताना तीन तास, आणि तोच पाठीशी घेऊन येताना दोन तास नऊ मिनिटे. जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही; नवशिके इथेच फसतात. शिवाय मुक्कामी पोचल्यावरही टाकीत राखीव इंधन उरले पाहिजे. अमेरिकेच्या नियमानुसार दृश्य उड्डाणात, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहत केलेल्या उड्डाणात, ते दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचे असते.

टाक्या काठोकाठ भरल्या की याच विमानात माणसे व सामान मिळून जेमतेम अडीचशे किलो बसते. म्हणजे चार धट्टीकट्टी माणसे न्यायची तर इंधन कमी भरून मध्ये एक थांबा वाढवावा लागतो.

नकाशावर रेघ ओढली की दर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर ओळखीची खूण निवडतात. खूण निवडायला नजर लागते. बारामतीहून उडणाऱ्याला उजनीचे पाणी सोयीचे वाटते, पण उन्हाळ्यात ते इतके मागे हटते की पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते. नकाशावरचा काठ तेव्हा जागेवर नसतो. त्यापेक्षा दौंड-सोलापूर रेल्वेमार्ग भरवशाचा. दिशा एक अंश चुकली तर ६० मैलांवर विमान एक मैल बाजूला गेलेले असते, म्हणून प्रत्येक खुणेवर घड्याळ पाहून वेळ लिहितात. जीपीएस असला तरी ही सवय सोडू नये.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने कराचीहून जुहूला आले, तेव्हा विमानात रेडिओही नव्हता. वाटेत अहमदाबादला उतरून त्यांनी इंधन भरले.

हवा बिघडली तर कुठल्या खुणेवरून मागे फिरायचे आणि कोणत्या पर्यायी धावपट्टीवर उतरायचे, हे जमिनीवर असतानाच कागदावर लिहितात. ढगांपुढे मन मुक्कामाकडेच ओढ घेते. भारतात उड्डाण आराखड्यासोबत (कुठून कुठे, कधी जाणार याची आधी दिलेली नोंद) हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांकही घ्यावा लागतो. अमेरिकेत दृश्य उड्डाणाचा आराखडा उतरल्यावर वैमानिकाने स्वतः बंद करायचा असतो. अपेक्षित वेळेनंतर अर्ध्या तासात तो बंद झाला नाही, तर विमानाची शोधाशोध सुरू होते.