बिगरतज्ज्ञ समुपदेशन (बेळगाव सीमाभाग)

मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नेमके प्रशिक्षण घेऊन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या स्थानिक माणसाने केलेले समुपदेशन. भारतात या पद्धतीला शास्त्रीय पाया मिळाला तो मुख्यतः मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या मराठी तरुणांसाठी तिचे मोल अधिक आहे. मनातले कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न येथे उपचारांच्याही आधी उभा राहतो.

पटेल १९९०च्या दशकात झिम्बाब्वेतील हरारे येथे काम करत होते. तिथले शोना भाषक आपल्या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणत. अर्थ, फार विचार करणे. रोगाचे पुस्तकी नाव बाजूला ठेवून माणूस आपले दुखणे कसे सांगतो ते ऐकायचे, ही सवय त्यांच्या पुढच्या कामात टिकली. सीमाभागातला मुलगा तरी 'मला नैराश्य आले आहे' असे कुठे म्हणतो? तो म्हणतो, "टेन्शन आलंय. रात्री झोप येईना, जेवण जाईना." घरचे दृष्ट काढतात किंवा 'अभ्यास नको म्हणून नाटक' म्हणून सोडून देतात.

१९९६ साली पटेलांनी सहकाऱ्यांसह गोव्यात 'संगथ' ही संस्था उभी केली. बेळगावहून चोर्ला घाट उतरले की गोवा, म्हणजे हे काम आपल्या शेजारीच घडले. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील २००७च्या लेखात त्यांनी व सहलेखकांनी दाखवले की बहुतेक मानसिक विकार १२ ते २४ या वयात सुरू होतात, मात्र लक्षात येतात पुष्कळ उशिरा. २०१२च्या अभ्यासातला आकडा तर काळजात रुततो : भारतातील आत्महत्यांपैकी पुरुषांमध्ये सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांमध्ये ५६ टक्के मृत्यू १५ ते २९ या वयोगटातील होते.

या पद्धतीची गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रौढांवर चाचणी झाली. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना बिगरतज्ज्ञ समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

शाळांसाठी सर्वांत बोलका प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला आहे. ७४ शाळांत तीन गट केले. एका गटात 'सेहेर मित्र' म्हणजे बाहेरून आलेला बिगरतज्ज्ञ समुपदेशक काम करी, दुसऱ्यात तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडे होते, तिसऱ्यात काहीच जादा नव्हते. भित्तिपत्रिका, गटचर्चा, नाव न लिहिता तक्रार टाकायची पेटी आणि एकट्याने भेटून बोलणे, अशी या कामाची रचना होती. मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य आणि दांडगाई घटली. शिक्षकांच्या गटात फरक पडला नाही. यात शिक्षकांचा दोष शोधू नये. जो गुण देतो, पालकांना बोलावतो, त्याच्यापुढे पोर मन मोकळे करणार कसे? सीमाभागातील शाळांनी हा निष्कर्ष मनावर घ्यायला हवा.

इथला ताण ओळखीचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी किंवा कन्नड. वर्गात समजले नाही तरी हात वर होत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने भरतीची ओढ मोठी. पहाटे अंधारात रस्त्यावर धावणारी पोरे खेडोपाडी दिसतात. वयोमर्यादा उलटली की तोच पोरगा घरात गप्प बसतो, भाऊबंदांच्या लग्नातही जात नाही. त्याला 'धारवाडला दाखवू' म्हटले तर तो आणखी मिटतो, कारण धारवाडच्या मनोरुग्णालयाचे नाव निघाले की वेडाचा शिक्का बसेल ही भीती असते. गावातलीच, त्याच्या बोलीत बोलणारी, प्रशिक्षित व्यक्ती त्याच्या अंगणात बसून तासभर ऐकून घेऊ शकते. मात्र आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा जीवघेणे व्यसन दिसले, तर तिने रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवलेच पाहिजे.

कर्नाटकात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या साहाय्याने चालणारा 'युवा स्पंदन' उपक्रम याच विचाराचा आहे. त्यात प्रशिक्षित तरुणच तरुणांना आधार देतात. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.