तपकिरी रेषांतले राजापूर

राजापूर आणि भोवतालच्या मुलखाचा एका इंचास एक मैल या प्रमाणावरचा जुना नकाशा दाखवला, तर त्यावरील तपकिरी रेषांना पुष्कळ जण पायवाटा समजतात. वास्तविक त्या समोच्चरेषा होत. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवरची ठिकाणे जोडून त्या काढलेल्या असतात. १७६७ साली सुरू झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या या प्रमाणाच्या नकाशांत लगतच्या दोन रेषांच्या उंचीत सामान्यतः ५० फुटांचा फरक असतो.

या रेषांची खरी गंमत त्यांच्या दाटीत आहे. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६३ मीटर. त्यामुळे दोन रेषा एक मिलिमीटर अंतरावर असतील, तर ६३ मीटर पुढे जाताना १५ मीटर चढावे लागते, म्हणजेच चढण साडेतेरा अंशांची भरते. कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार, नकाशावर चटकन ओळखू येतो, कारण माथ्यावर रेषा जवळजवळ नसतातच आणि कडेला मात्र त्या एकमेकींना खेटून धावतात. अर्जुना नदीला मिळणाऱ्या वहाळांपाशी याच रेषा आत वळून टोकदार होतात, आणि ते टोक नेहमी वहाळाच्या उगमाकडे रोखलेले असते.

सड्यावरचा जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते, त्याखालच्या चिकणमातीसारख्या थरावर अडते आणि उताराच्या बाजूने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाड्या, विहिरी आणि माडा-पोफळीची आगरे माथ्यावर न वसता उताराच्या पायथ्याशी का वसली, याचे उत्तर बरेचसे या थरांत आहे.

रात्री सड्यावर वाट चुकून माणूस त्याच जागी परत आला, की ‘चकवा लागला’ असे म्हणतात. त्यात भुताखेताचा काही संबंध नाही. सूर्य किंवा चंद्र दिसत नसेल, तर सरळ चालतो आहोत असे वाटत असतानाही माणसे गोल फिरतात, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले आहे. आणि सपाट कातळावर चढ-उताराची खूणही मिळत नाही.

चिरेखाणींनी कापलेल्या सड्याची मूळ उंची शोधायला हे नकाशे फार मोलाचे आहेत. मात्र १:५०,००० प्रमाणाच्या नव्या नकाशांत रेषांमधला फरक २० मीटरचा असल्याने जुन्या-नव्या रेषा एकमेकींवर ठेवून ताडता येत नाहीत. आधी फुटांचे मीटर करून प्रत्येक ठिकाणची उंची स्वतंत्रपणे काढावी लागते.