उतामारोच्या पक्ष्यांमागची माणसं

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम या दोन्ही संग्रहालयांत अठराव्या शतकातला जपानी चित्रकार कितागावा उतामारोचे पक्षी आहेत. लाकडी ठशांनी छापलेल्या या चित्रांत पक्षी जोड्यांनी येतात: पाणकावळ्यासोबत बगळा, मँडरिन बदकांसोबत खंड्या. चित्रकार म्हणून नाव उतामारोचं. मूळ वस्तू मात्र कवितांचं पुस्तक आहे, आणि ते घडवायला बरेच हात लागले.

एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, १७८०च्या दशकात 'क्योका'चं वेड पसरलं होतं. क्योका ही ३१ अक्षरांची विनोदी कविता. सामुराई, व्यापारी, दुकानदार टोपणनावं घेऊन कविमंडळांत एकत्र जमत. एरवी समाजात कडक उतरंड, इथे सामुराई आणि दुकानदार एकाच बैठकीत. प्रकाशक त्सुताया जुझाबुरो स्वतः या वर्तुळात कविता करायचा. योशिवारा या वेश्यावस्तीच्या वेशीवरच्या दुकानातून त्यानं सुरुवात केली आणि १७८३ साली निहोनबाशीच्या बाजारपेठेत बस्तान हलवलं. कवींना आपली ओळ देखण्या पुस्तकात छापून हवी असे, त्यासाठी ते पदरचे पैसेही मोजत. म्हणूनच अशा पुस्तकांत छपाईवर सढळ हातानं खर्च करणं परवडायचं.

१७८८ साली त्सुतायानं उतामारोकडून कीटकांचं पुस्तक करून घेतलं आणि १७९०च्या सुमारास पक्ष्यांचं: 'मोमो चिदोरी क्योका आवासे'. जुन्या दरबारी काव्यस्पर्धांसारखी इथेही एका कवितेसमोर दुसरी येते. विषय प्रेमाचा, आणि प्रत्येक कवितेत एकेक पक्षी गुंफलेला. पानावर जोड्या दिसतात त्या यामुळे. शेजारची अक्षरं म्हणजे सजावट समजून नजर पुढे गेली, तर निम्मं चित्र हातचं जातं.

उतामारोनं पातळ कागदावर रेखाटन करून दिलं, की ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवलं जाई आणि कारागीर रेषांच्या कडेनं लाकूड कोरून काढी. या कामात मूळ रेखाटन नष्ट होतं. संग्रहालयात जी पिसाची बारीक रेघ आपण उतामारोची म्हणून पाहतो, ती प्रत्यक्षात कोरणाऱ्याच्या सुरीची असते. मग रंगागणिक वेगळी फळी. कागद दर वेळी नेमक्या जागी बसावा म्हणून कोपऱ्यात खुणेच्या खाचा. छापणारा ओलसर कागद ठेवून पाठीमागून 'बारेन' नावाच्या गोल घोटणीनं तो दाबायचा. रंग न लावता नुसत्या दाबानं उठाव आणायचीही रीत होती. पांढऱ्या पिसांना ती फार शोभते, पण त्यासाठी पान जरा तिरक्या उजेडात पाहायला हवं. कीटकांच्या पुस्तकात फुजी काझुमुने या कोरणाऱ्याचं नाव छापलेलं आहे. तसं नाव मिळेल तिथे संग्रहालयांनीही ते चित्रकाराच्या बरोबरीनं लावावं, असं मला मनापासून वाटतं.

हा बहर फार टिकला नाही. सरकारचा मुख्य मंत्री मात्सुदाइरा सादानोबू याच्या सुधारणांनी प्रकाशनावर निर्बंध आणले. १७९१ साली लेखक सान्तो क्योदेनच्या पुस्तकांवरून त्सुतायाची निम्मी मालमत्ता जप्त झाली. त्यानंतर त्यानं उतामारोकडून स्त्रियांची मोठ्या चेहऱ्यांची चित्रं काढून घेतली, आणि उतामारोचं नाव झालं ते त्यांच्यामुळे.